तीन चादरींची प्रार्थना

आमची आई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात सव्वीस वर्षं चादरींना इस्त्री करत होती. शेजारच्या टेबलावर मी. देवाशी तिचं जे काही बोलणं व्हायचं ते बहुधा तिथंच, उभ्याउभ्या, हात चालू ठेवून. प्रार्थना तिची स्वतःची होती, पुस्तकातली नव्हे. वाचता कुठं येत होतं तिला! बरोबर तीन चादरी पुरायची. मधे कुणी हाक मारली तर ओ देत नसे, मग साहेब का असेना.

शब्द विचाराल तर, अहो, मशिनांच्या त्या धडधडीत कुणाला काय ऐकू येणार! मी विचारलं की म्हणायची, "ऐकत राहा, आपोआप येईल." मी कसली ऐकते! डोकं कायम तापलेलं, कधी वाफेनं, कधी तिच्यावरच.

मागच्या वर्षी माझा हात धरून म्हणाली, "मला नेताना माझीच प्रार्थना म्हण. दुसऱ्या कुणाची नको."

"हो गं, म्हणते," मी म्हटलं. धडधडीत खोटं. मनात म्हटलं, दादाला येत असेल, लाडका ना तिचा! घेऊ विचारून. पुढच्याच महिन्यात तिची वाचा गेली. अकरा महिने ती नुसती माझ्याकडे बघत होती आणि मी नजर चुकवत होते.

मंगळवारी गेली. बुधवारी सकाळी तिला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं, माणसं जिन्यापर्यंत उभी, खाली गाडी आलेली. मी दादाला कोपऱ्यात ओढलं. "म्हण ना तिची प्रार्थना."

तो म्हणाला, "मी? अगं, तुला येते म्हणून तर आम्ही निवांत होतो! जन्मभर तिच्या शेजारी कोण उभं होतं?"

 वहिनीला विचारलं, धाकट्या बहिणीला विचारलं. प्रत्येकीला वाटत होतं, दुसरीला येते. गाडीवाला दोनदा वर येऊन गेला. मी आईच्या उशाशी बसून कपाळ बडवून घेतलं. बोल ना गं, एकदा तरी बोल! मेलेल्या माणसावर ओरडले मी, सगळ्यांदेखत.

मग धाकटी हळूच म्हणाली, "मला माझ्यापुरती येते." सुट्टीच्या दिवशी आई घरात पुटपुटायची, तेव्हा आपलं नाव आलं की जो तो तेवढाच कान द्यायचा. धाकटी म्हणाली, "हिची कूस उजव, देवा." दादा म्हणाला, "याचे गुडघे धड ठेव." वहिनी म्हणाली, "हिला माहेराची आठवण छळू देऊ नकोस." माझी पाळी आली. "हिचा संताप निवव. माझ्यामुळेच आहे तो." आईचेच शब्द, जसेच्या तसे. लोकांनी माना खाली घातल्या. आम्ही तिला उचललं.

सगळं उरकून परत आलो. कुणी दिवा लावला नाही. धाकटीनं चहा टाकला आणि तिथूनच विचारलं, "ताई, आई स्वतःसाठी काय मागायची गं?"

कुणालाच माहीत नव्हतं. ती समोर मरून पडली होती, आणि तेव्हाही आम्ही चौघं देवाकडे आपल्यासाठीच मागून आलो. तिच्यासाठी एका शब्दानं कुणी काही मागितलं नाही.