कांद्याला वारा लागतो

गुहागरहून निघताना नवरा म्हणाला, "लोक महाबळेश्वरला जातात, तू कारखाने बघायला चाललीस!" चाललेय, म्हटलं, तुमचं काय जातं? माझी मावसबहीण सुलभा आकुर्डीला राहते. तिच्याकडे जायला मला कारण लागत नाही.

दुसऱ्याच दिवशी तिनं मला शेतकरी आठवडे बाजारात नेलं. सरकारी योजनेतला बाजार. शेतकरी आपला माल आणतो आणि थेट गिऱ्हाइकाला विकतो, मधे दलाल नाही. योजना म्हटलं की माझं नाक आपोआप मुरडतं, पण तिथली मेथी बघून ते सरळ झालं. तिथेच सुलभाच्या नेहमीच्या भाजीवाल्या हिराबाई भेटल्या. म्हणाल्या, "उद्या दसऱ्याला आमची कांदाचाळ (कांदा साठवायचा फटीफटींचा मांडव) उघडायची हाय. पाव्हन्यांना घेऊन या की!"

तळवड्याच्या चौकात बस कंटेनरमागे इतकी रखडली, की शेजारच्या बाईच्या सासरची सगळी माणसं मला पाठ झाली. चाकणच्या अलीकडे उतरलो. अलीकडे गोडाऊन, पलीकडे गोडाऊन आणि मधे हिराबाईंचं हिरवंगार रान.

बांधावरून चालताना सुलभानं सगळी हकीकत सांगितली. हिराबाईंचे मालक वारले. धाकटा दीर दत्तू म्हणतो, रान गोडाऊनला देऊन टाकू. पूर्वी कांदा घरातच ढीग घालून ठेवायचे, पावसाळ्यात बराचसा कुजायचा. मग कृषी खात्याच्या बाईंनी खटपट करून अनुदानातून चाळ उभी करून दिली. तेव्हा दीर-भावजयीत ठरलं: दसऱ्याला कांदा चांगला निघाला तर रान राहील, नासला तर गोडाऊन.

"अगं, एवढं सगळं कांद्यावर?"

"त्याच्यावरच," सुलभा म्हणाली.

दत्तूभाऊ हात पाठीमागे बांधून चाळीपाशी उभे होते. कृषी खात्याच्या बाईही स्कूटरवरून आल्या होत्या, सुट्टीचा दिवस असून! हिराबाईंनी नारळ फोडला, कडेची फळी काढली आणि भपकाराच आला. सडक्या कांद्याचा वास, शी! आतून पाणी गळत होतं.

"गेला, वहिनी," दत्तूभाऊ म्हणाले. आवाजात आनंद मात्र नव्हता.

बाई तरातरा गवत तुडवत चाळीच्या मागे गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "ही ताडपत्री कुणी बांधली? कांद्याला वारा लागतो हो! हा कोपरा पार कोंडलाय."

"म्या न्हाई बांधली," हिराबाई म्हणाल्या. "झडीत मी लेकीकडं हुते जुन्नरला."

आम्ही सगळ्यांनी दत्तूभाऊंकडे पाहिलं. माणूस कानापर्यंत लाल झाला होता.

"पाऊस आडवा येत हुता, वहिनी. भिजंल म्हनलं."

"त्या झडीत तू हितं आला हुतास?"

"मग काय सडू देऊ? आपलाच कांदा हाय न्हवं?"

"आन् गोडाऊन?"

दत्तूभाऊ वळले. मागे जाऊन ताडपत्रीच्या गाठी सोडायला लागले.

मग पुढच्या फळ्या काढल्या. तो कोपरा सोडला तर सगळा कांदा खणखणीत! हातात घेतला की पापुद्रा वाजत होता. हिराबाई हसत होत्या आणि पदरानं डोळेही पुसत होत्या. त्यांच्या ओसरीवर बसून पिठलं, बाजरीची भाकरी आणि बुक्कीनं फोडलेला तो कांदा खाल्ला. काय चव होती म्हणून सांगू! अनुदान देणाऱ्या सरकारचं मला मनापासून कौतुक वाटलं, आणि उन्हात उभं राहून चाळ उभारून घेणाऱ्या त्या बाईंचं तर कितीतरी जास्त.

पुढच्या आठवड्याच्या बाजारासाठी मी मुद्दाम मुक्काम वाढवला. काट्यापाशी दत्तूभाऊच उभे होते. ओरडून ओरडून घसा बसला होता, "घ्या ताई, आमच्या रानातला कांदा!"

गुहागरला परतले तेव्हा परतीचा पाऊस कोसळत होता. मी चहा टाकेपर्यंत नवऱ्यानं पिशवीतले सगळे कांदे पत्र्याच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावलं होतं. अहो, काय केलंत हे, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"दमट हवा लागेल म्हणून ठेवले गं," तो म्हणाला. "एवढ्या लांबून आणलेस."

मला दत्तूभाऊंचे लाल कान आठवले. मी मुकाट्यानं डबा उघडला, कांदे टोपलीत काढले आणि म्हटलं, "खिडकीपाशी टांगा. आणि चहा घ्या आधी, तुमच्यासाठीच टाकलाय."