दहाची हाक

भोंगाताईचा आवाज असा होता, की मोठा रोलर चालू असताना आणि तिन्ही धुलाईयंत्रं गरगरत असताना ती नुसतं "ए" म्हणाली, तरी जिला म्हणाली तिचीच मान वर व्हायची. आम्ही बाकीच्या एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन बोलायचो. या आवाजापायीच मालकाने तिला लॉन्ड्रीची मुकादम केलं, असं मी तिला तोंडावर ऐकवायचे. त्यावर ती म्हणायची, "आणि तुला इस्त्रीला ठेवलंय ते जिभेचे चटके बघून." खोटं नव्हतं ते.

आमच्याकडे हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी येतात. आत जाताना फोन फाटकावरच्या रखवालदाराकडे ठेवावा लागतो, कारण एकीचा हात फोन सावरता सावरता रोलरखाली गेला होता. घड्याळ एकच, तेही मुकादमाच्या काचेच्या खोलीत. एरवी वाफेत सकाळ कुठली नि दुपार कुठली ते कळत नाही. रोज दहाच्या ठोक्याला भोंगाताई त्या खोलीतून बाहेर यायची आणि ओरडायची, "पाणी!" सगळ्या हातातलं काम ठेवून बाटल्या उघडायच्या. मालकाला याचं भारी कौतुक. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आमच्याकडे बायकांना दहाला पाणी प्यायची हाक असते, उन्हाळा असो की हिवाळा."

पाण्याबरोबर काय पोटात जातं, ते त्याला कधी कळलं नाही. निम्म्या जणी कमरेच्या पिशवीतून दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची गोळी काढायच्या आणि घोटाबरोबर गिळायच्या. मी त्या वयाच्या पलीकडे गेलेली, माझं पाणी म्हणजे निव्वळ पाणी. ही रीत भोंगाताईने पाडली होती. तिची पाठची बहीण बाळंतपणात गेली. गोळी घ्यायची होती तिला, पण घरच्या धबडग्यात आज राहिली, उद्या राहिली, असं करत राहूनच गेली. भोंगाताईने हे मला एकदाच सांगितलं, डागांच्या टेबलावर थंड पाण्यात रक्ताचा डाग चोळता चोळता. त्यानंतर तो विषय मीही काढला नाही.

घडीवाली आमच्यात सगळ्यांत लहान. रोलरमधून निघालेल्या चादरीची चार झटक्यांत अशी घडी घालायची की कडेला कड. वर्षापूर्वी तिचं पहिलंच बाळंतपण झालं, त्यात गर्भाची पिशवी फाटली. मूल वाचलं नाही, ती कशीबशी वाचली. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, पुन्हा दिवस गेले तर हिच्या जिवावर बेतू शकतं. नवरा बाहेर येऊन म्हणाला, "डॉक्टर घाबरवतातच. आपल्याला मूल हवंय ना?" तो ट्रक चालवतो. आठ-दहा दिवस बाहेर, मग काही दिवस घरी. घरी असला की तिला मोटरसायकलवरून सोडायला आणि न्यायला यायचा. आवाज कधी चढला नाही त्याचा. बाकीच्या जणी म्हणायच्या, नशीबवान आहे बाई. माझ्या मनात मात्र पहिल्यापासून पाल चुकचुकायची.

तिची सासू रोज तिची पर्स उलटीपालटी करायची. म्हणून तिचं गोळ्यांचं पाकीट खळीच्या डब्यात असायचं, भोंगाताईच्या फळीवर. सुट्टीच्या दिवसापुरती एक गोळी कापून ती रुमालाच्या टोकाला बांधून न्यायची. या डब्याची गोष्ट ती, मी आणि भोंगाताई, आम्हा तिघींतच होती.

आणि मग भोंगाताईचा घसा बसला. साधा बसला नाही, आतून सुजला. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आणि घरी बसवलं. त्याच आठवड्यात दवाखान्याचा दुप्पट माल आला. दहा कधी वाजले, कुणाला पत्ता नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर बाकीच्या जणींना आठवलं, गोळ्या त्यांच्याजवळच होत्या, घेतल्या. घडीवालीला आठवलं ते नवऱ्याच्या मागे मोटरसायकलवर बसल्यावर. "गाडी वळव" म्हणायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मात्र सकाळीच आठवलं, पण डब्याकडे बघून तिला भीती वाटली. दोन चुकल्यावर मध्येच घेतली तर काही उलटं तर होणार नाही? विचारायचं कुणाला? त्या दिवशीही तिने घेतली नाही. पाकीट नुकतंच सुरू झालेलं, आणि नवरा त्या आठवड्यात घरी होता.

चौथ्या दिवशी भोंगाताई गळ्याभोवती ओढणी गुंडाळून कामावर आली. दहाला खोलीतून बाहेर आली, तोंड उघडलं आणि नुसती हवा निघाली. तिने स्टीलचं ताट उचलून त्यावर खळ ढवळायचं उलथणं आपटलं. असा भेसूर आवाज मी त्या जागेत कधी ऐकला नव्हता. घडीवाली धावत फळीकडे गेली. मी मागोमाग गेले तर तिच्या तळहातावर चार गोळ्या. चुकलेल्या तीन आणि आजची एक, सगळ्या एकदम तोंडात टाकायला निघालेली. भोंगाताईने तिचं मनगट असं धरलं की गोळ्या फरशीवर सांडल्या.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघी दोन गल्ल्या पलीकडच्या आरोग्य केंद्रात गेलो. भोंगाताई बोलू शकत नव्हती, घडीवालीच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून बोलणारी मी. तिथली नर्स तरुण होती, पण धीराची. तिने आधी सगळं ऐकून घेतलं. कितव्या दिवशी चुकल्या, किती चुकल्या, या दिवसांत नवऱ्याजवळ गेली होतीस का. घडीवालीने होकाराची मान हलवली.

"हे बघ, सगळ्या एकदम नाही घ्यायच्या. नुसती मळमळ होईल. शेवटची जी चुकली, ती एक आत्ता घे. आजची नेहमीसारखी घे, एका दिवसात दोन झाल्या तरी चालतं. त्याआधीच्या सोडून द्यायच्या. मग रोज एक, खाडा नाही. सलग सात दिवस गोळ्या पोटात जाईपर्यंत त्यांच्यावर भरवसा ठेवायचा नाही. तेवढे दिवस निरोध, नाहीतर लांब."

"एकच चुकली असती तर?" मी विचारलं.

"तर आठवेल तेव्हा घ्यायची आणि पुढे चालू ठेवायचं. पण हिच्या तीन चुकल्यात, त्याही पाकिटाच्या पहिल्या आठवड्यात, आणि संबंधही आलाय. म्हणून तातडीची गोळी द्यावी लागेल, ती इथेच माझ्यासमोर घे. जितका उशीर, तितका तिचा उपयोग कमी. तीन तासांच्या आत उलटी झाली तर परत ये. शेवटच्या आठवड्यात चुकल्या असत्या तर मी वेगळं सांगितलं असतं, तेव्हा हिचं ऐकून दुसरीनं तसंच करायचं नाही. तीन आठवड्यांनी तपासणी करायची. मधे पोटात खूप दुखलं तर तेव्हाच ये."

मग तिने घडीवालीचे जुने कागद बघितले आणि हळू आवाजात म्हणाली, "तांबी बसवून घे ना. रोजची आठवणच नको."

"त्यांना कळलं तर?" घडीवाली म्हणाली. त्या केंद्रात ती एवढंच बोलली.

सात दिवस लांब राहायचं म्हणजे काय, हे सांगणाऱ्याला सोपं. तिने नवऱ्याला सांगितलं, अंगावरून जातंय, टाके दुखतात. तो "बरं" म्हणाला. पहिल्या रात्री बरं, दुसऱ्या रात्रीही बरं. तिने हे सांगितलं तेव्हा बाकीच्या म्हणतील तसं 'समजूतदार आहे गं' असं माझ्या तोंडून निघालं नाही. मला त्याच्या त्या 'बरं'चीच धास्ती वाटली.

सुट्टीच्या दिवशी तो खाटेवर पडून होता. तिने रुमालाची गाठ सोडली, माठाकडे गेली, पाणी प्याली. मागून तो म्हणाला, "तुला दहालाच तहान कशी लागते गं?" ती म्हणाली, कामाची सवय. तो हसला. "हो, तुमचा मालक सांगत होता मला फाटकावर. दहाला पाण्याची हाक असते म्हणून."

दुसऱ्या दिवशी घडीवालीने हे आम्हा दोघींना सांगितलं. भोंगाताईचा घसा बरा होत नव्हता, घोगरी कुजबुज तेवढी उरली होती. त्या दिवसापासून तिने ताट वाजवणं बंद केलं. प्रत्येकीजवळ जाऊन कानात सांगितलं, आपली आपली खूण धरा, दात घासताना नाहीतर वेणी घालताना. माझ्यावर विसंबू नका. इतकी वर्षं जिच्या आवाजाने आम्ही वैतागायचो, ती गप्प झाल्यावर लॉन्ड्री खायला उठायची.

तीन आठवडे आम्ही घडीवालीकडे चोरून बघत होतो. तिने तोंडावर हात नेला तरी काळजात धस्स व्हायचं. तपासणी झाली, दिवस गेलेले नव्हते. तेव्हा ती डागांच्या टेबलामागे बसून रडली. मीही रडले, त्यात लपवायचं काय?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एकदा रोलरचा पट्टा सरकला म्हणून सगळी मशीनं थांबवली होती. कधी नव्हे ती शांतता. दारात घडीवालीचा नवरा उभा होता. मालकाशी ओळख झालेली, रखवालदाराने सोडलं असणार. तो आत आला नाही. उंबऱ्यावरूनच म्हणाला, अगदी हळू, "पाणी."

कुणी हललं नाही. फक्त घडीवालीचा हात उठला आणि फळीकडे गेला. अर्ध्यावर तिच्या लक्षात आलं, पण त्याने बघितलं होतं.

तो सावकाश चालत फळीपाशी गेला. खळीचा डबा उघडला. पाकीट काढलं, उजेडात धरलं, खिशात घातलं. भोंगाताई हातभर अंतरावर उभी होती आणि तिने बोटही हलवलं नाही. तिचा मला एवढा राग आला की इस्त्री फेकून मारावीशी वाटली.

"आता तहान नाही लागणार," तो बायकोला म्हणाला. "संध्याकाळी येतो न्यायला."

तो गेल्यावर मी भोंगाताईच्या अंगावर धावून गेले. "तोंडातून ब्र काढला नाहीस! आवाज गेला, हातही गेले का तुझे?"

मधे पडली ती घडीवाली. ओठ पांढरे पडलेले, पण बोलली. "त्यांना नेऊ दे. मागच्या सोमवारी ताईनं मला नर्सकडे नेलं होतं. तांबी बसवलीय. उरलेलं पाकीट टाकवत नव्हतं, म्हणून डब्यात होतं."

"मग हात मुद्दाम नेलास?"

"नाही गं," ती म्हणाली. "सवयीनं गेला." मी तिला गठ्ठ्यावर बसवलं. पुन्हा दिवस जाण्यापासून तिने पोट वाचवलं होतं. पण पोटाबरोबर बाकीचं शरीरही त्याच घरात जाणार होतं, आणि पाकीट आता त्याच्या खिशात होतं.

संध्याकाळी तो फाटकावर होता, मोटरसायकल चालूच ठेवलेली. आम्ही कुणी बोलून ठरवलं नव्हतं, पण एकही जण पुढे गेली नाही. सगळ्या घडीवालीच्या चालीने निघालो. भोंगाताईने तिची पिशवी आपल्या खांद्याला लावली, त्याच्यापाशी गेली, हात घालून किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं. मग त्या फाटक्या गळ्यातून तिने जेवढं निघालं तेवढं काढलं, "आज ती माझ्याकडे राहणार."

त्याने आमच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. रागाचं चिन्ह नाही चेहऱ्यावर. "बरं," तो म्हणाला. "आज राहू दे."

दुसऱ्या दिवशी, तो यायच्या आत तिला भोंगाताईच्या घरी पोचवावं म्हणून, काम सुटण्याच्या अर्धा तास आधीच आम्ही मशीनं बंद केली आणि तिला मधे घेऊन फाटकावर गेलो. तो आमच्याही आधी येऊन थांबला होता.