जावईबापूचा तीन पायाचा डोया

आमच्या जावईबापूनं उघडून पाह्यली नाई अशी एकही मशीन पुऱ्या जानेफळात नव्हती, अन् बंद करताना एखादा स्क्रू उरला नाई असंही कधी झालं नाई. जावईबापू म्हंजे माह्या नणदेचे मालक. काम गावाच्या पान्याची मोटर चालू-बंद कराचं. बाकी सारा दिवस हातात पेचकस. घड्याळ बंद पडलं की लोक त्याईच्याकडं आनत, अन् चालू असलं की त्याईच्यापासून लपवत. एका लग्नात मंगलाष्टकं चालू होते अन् भोंगा घरघरला, त हे मुठीतल्या अक्षता घेऊन तसेच भोंग्यापाशी. भोंगा सुधारला, पन अक्षता साऱ्या मशीनवर पडल्या. चौकोनी सेल जिभेले लावून पाहाची त्याईले भारी सवय. तीच जीभ घेऊन जेवाले बसत. मी बेसन वाढलं की एक घास खाऊन डोये मिटत अन् म्हनत, "वहिनी, आज साडेसात वोल्ट. तिखट वाढवा." नणद कपाय बडवे, "अव माय, या मानसाले मी भाकर वाढते का करंट!"

आता माही गोठ सांगते, नाईतर त्याईची समजनार नाई. माहे मालक गेले तवा पोरगी चार वर्साची. रडाले टाइम भेटला नाई, वांग्याले पानी द्याचं होतं. मंग काही वर्सानं सासूच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली, डावा हात तेवढा राह्यला. घरामांगं आमची वाडी, वांगे, मेथी, सांबार म्हंजे कोथिंबीर, तिच्यावरच चूल. मी वाडीत, सासू घरात एकटी. तहान लागली त सांगन कशी? पोरगी सातवीत होती. तिले शाळेतून काढून आजीपाशी बसवाची, असं मी पक्कं केलं. मलेही असंच दुसरीतून काढलं होतं, भाऊ सांभायाले. कोनाले वाईट वाटलं नाई, मलेही नाई. पन अजून एसटीची पाटी मी दुसऱ्याले विचारते.

जावईबापूले हे समजलं त मोटर तशीच चालू सोडून आले. तथी टाकी वाहून राह्यली, अन् हे मले म्हनतात, "वहिनी, पोरीची शाळा सोडू नोका. मी घंटी बसवतो."

कोनाचा तरी टीव्ही वीज पडून जयला होता, त्याचा रिमोट त्याईच्या पेटीत होता. सासूनं बाजेवरून तो दाबाचा. समोरच्या भिंतीवर टीव्हीत असते तसा चिंचोक्याएवढा काया डोया, त्यानं रिमोटचा इशारा पाहाचा. तिथून वायर वाडीतल्या शेवग्यावर, अन् शेवग्यावर घंटी.

"साधं बटन काऊन नाई लावत?" मी म्हटलं.

"बटनाले वायर येते, वहिनी. सासूबाईच्या हातात वायर देऊ? करंट बसला त गाव काय म्हनन? जावयानं सासू मारली!"

सासू अर्ध्या तोंडानं हासली, अन् डाव्या हातानं पदर पुढं ओढला.

खामगाववरून त्याईनं दोन डोये आनले. त्याले तीन पाय. एक पलसचा, एक मायनसचा, एक सांगावा देनारा. पहिला डोया जोडल्या-जोडल्या जयला, कारन त्याचे पाय पाठीकून मोजले. "चूक माहीच," ते म्हनाले. "कोनाशीही बोलाचं त तोंडाकडं पाहून बोलावं. डोया आपल्याकडं करून पाय मोजा लागते." दुसरा नीट बसला. पहिल्यांदा घंटी वाजली त मी मेथीतून धावत आली. पाह्यते त सासूले ना पानी पाह्यजे, ना काही. जावई समोर अन् डोक्यावरचा पदर सरकून पाठीखाली अडकला होता, म्हनून घंटी!

दसरा आला. त्या दिवशी आमी खुरपं, गवत कापाचा इया, पावडं, साऱ्याची पूजा करतो. आमी दोघी कुकू न लावनाऱ्या, म्हनून घरात कुकू लावाचा मान पोरीचा. मीच तिले म्हटलं, "त्या डोयालेही लाव. आपलं सगयात मोठं अवजार तेच." तिनं चांगलं ओलं हयद-कुकू जाड लावलं, वरून तांदूय.

दुपारी पोरगी दप्तर घेऊन शाळेत पाटीपूजनाले गेली. मी वाडीतून आली त सासू बाजेवरून अर्धी खाली, ओठ कोरडे, अन् रिमोट दाबूनच राह्यली. घंटी वाजलीच नव्हती. पानी पाजलं, सरळ केली, अन् पोरगी आल्यावर तिले म्हटलं, "उद्यापासून तू घरी." तिनं दप्तर खुंटीले टांगलं.

संध्याकायी जावईबापू सोनं द्याले आले. आपट्याचं पान हातातच राह्यलं, पेचकस निंघाला. सेल जिभेले लावला, बरोबर. पाय मोजले, बरोबर. घंटी बरोबर. वायरीले तापल्या कथलाचा डाग पुन्हा देला. नव्या सदऱ्याले भोक पडलं. शेवटी भिंतीले टेकून बसले अन् पोरीच्या दप्तराकडं पाहून म्हनाले, "हरलो, वहिनी."

तवा सासू आपल्या कपायावर बोट मारू लागली. घडी-घडी, कोऱ्या कपायाच्या मधोमध. डोकं दुखते वाटलं, मी बाम आनला. तिनं माहा हात झटकला अन् पुन्हा कपाय दाखोलं, मंग भिंत.

मी पाह्यलं. "जावईबापू, त्या डोयावर हे कुकू..."

"दिसलं न मले," ते म्हनाले. "पूजेचं हाय, म्हनून धक्का न लावता काम करून राह्यलो!"

मंग आमी दोघं एकमेकाच्या तोंडाकडं पाहातच राह्यलो. त्याईनं डोया नव्या सदऱ्यानं पुसला, सासूनं रिमोट दाबला, अन् शेवग्यावरचे कावये उडाले. पोरीनं कोनाले न विचारता दप्तर खुंटीवरून काढलं.

ती पोरगी आता नर्स हाय, मेहकरले. सासू गेली, जावईबापूही गेले. घंटी नाई, पन दसऱ्याले पोरगी येते अन् त्या भिंतीवर टिका लावते. डोयाच्या जागेपासून हातभर वर, जावईबापूनं सांगतलं होतं तसा. मंग मी बेसन करते. पोरगी म्हनते, आई, चांगलं झालं. चांगलं त झालंच असन. पन किती वोल्टचं झालं, ते सांगनारा मानूस राह्यला नाई.