पुतळा म्हणाला, जा तुम्ही

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला धाराशिवच्या कॉलेजात आमच्याकडून एका रबरी पुतळ्यावर सराव करून घ्यायचे. पेशंटची तब्येत अचानक ढासळली तर काय करायचं, याचा सराव. पुतळा श्वास घ्यायचा, बोलायचासुद्धा; म्हणजे पडद्यामागून माईकवर आमचे सर बोलायचे.

माझी पाळी आली. मी विचारलं, "मामा, दम लागतोय का?"

पुतळा सरांच्या आवाजात म्हणाला, "मला काय झालं न्हाय. जा तुम्ही."

मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा घसरत होता. तो मला दिसत होता. पण सरांनी जा म्हटल्यावर थांबायचं कसं? त्यांच्यापुढं उलट बोलायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. मी "बरं" म्हणाले आणि बाजूला झाले. पुतळा मेला.

सर बाहेर आले. "डॉक्टरांना का नाही बोलावलंस?"

"सर, तुम्हीच जा म्हणालात."

सगळा वर्ग हसला. मला असला राग आला! पेशंटही हेच, सरही हेच, मग माणसानं ऐकायचं कुणाचं? सर मात्र हसले नाहीत. "आपल्याकडं पेशंट असंच म्हणतो," एवढंच बोलले. मला काहीच उमगलं नाही.

संध्याकाळी जिल्ह्यातल्याच वाशीला घरी फोन लावला. आई म्हणाली, दोन दिवस झाले, अंगणातून घरात येईपर्यंत वडलांना धाप लागतीय. मी फोन त्यांच्याकडं द्यायला सांगितलं.

"मला काय झालं न्हाय," ते म्हणाले. "तू अभ्यास कर."

"बरं," मी म्हणाले. सकाळी पुतळ्याला म्हणाले होते, अगदी तसंच.