व्याह्यांची व्हॅन

पेट्रोलच्या गाडीला सीएनजीचं किट बसवायला अख्खा दिवस जातो. तेवढा वेळ गाडीच्या मालकाला काही काम नसतं, आणि गाडीच उघडून ठेवलेली असल्यामुळे त्याला कुठे जाताही येत नाही. मग तो बोलत बसतो. मी काउंटरवर बिलं करते आणि नव्या नवरीनं फार बोलायचं नसतं, त्यामुळे मी ऐकते. सावंगी (मेघे)च्या रस्त्यावर माझ्या सासऱ्यांचं हे गॅरेज आहे. मे महिन्यात लग्न होऊन मी इथे आले आणि दिवाळीपर्यंत इतके किस्से जमले, की मैत्रिणीला सांगताना फोनची बॅटरी उतरते. अडचण एकच. यातल्या बऱ्याच किश्शांत हसं होतं ते माझं, नाहीतर माझ्या माणसांचं.

*

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, आतून आवाज दिला, "सूनबाई, साबणाचं पाणी आणजो बरं."

किट बसवलं की पाइपाच्या प्रत्येक जोडावर ब्रशनं साबणाचं पाणी लावतात. गॅस गळत असेल तर तिथे बुडबुडा येतो. एवढं साधं आहे, पण मला ते कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, गाडी धुवायची असेल. सासरी सांगितलेलं पहिलं काम, म्हणून मी गरम पाण्यात पावडर टाकली आणि रवीनं घुसळून असा फेस काढला, की तो बादलीबाहेर आला.

सुरेशभाऊ आमचे जुने मेकॅनिक. त्यांनी ब्रश बुडवून पाइपावर फिरवला. पाइप दिसेनासा झाला. जिकडे पाहावं तिकडे बुडबुडे.

गाडीचा मालक घाबरून उभा राहिला. "म्हंजे पुरी गाडीच लीक हाये का?"

"नाई जी," सुरेशभाऊ शांतपणे म्हणाले, "आमची सून नवीन हाये."

*

आंजीहून एक जोडपं आलं होतं. गाडी तयार झाली तशी बाईंनी पिशवीतून ताट काढलं. हळद, कुंकू, नारळ, आणि निरांजन. काडेपेटीही आणली होती.

मामाजी इतक्या चपळाईनं धावले, की त्या वयात शोभू नये. गॅरेजात ते उदबत्तीसुद्धा लावू देत नाहीत. गणपतीच्या फोटोपुढे बल्ब आहे.

"माय, इथं काडी ओढाची नाई. दिवा घरी लावजो."

"बिना ओवाळल्याची गाडी मी नेत नाई," बाई म्हणाल्या, आणि गाडीसमोर मांडी घालून बसल्या.

अर्धा तास त्या तशाच बसून. मागे दोन गाड्या अडलेल्या. शेवटी मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. नवी सवाष्ण घरात होतीच. माझ्या मोबाईलचा टॉर्च लावला, तो ताटात ठेवला, आणि मी दहा पुरुषांच्या देखत डोक्यावर पदर घेऊन त्या मोबाईलनं गाडीला ओवाळलं. जमीन दुभंगावी असं वाटत होतं. त्यात मध्येच आईचा फोन आला आणि ताट थरथरायला लागलं.

बाईंनी मात्र दोन्ही हात टॉर्चवर धरून मनोभावे चेहऱ्यावरून फिरवले. मग मला म्हणाल्या, "घे व बाई आता फोन. देवाचं झालं."

*

हा छोटा आहे. मेडिकल कॉलेजचे एक डॉक्टर गाडी न्यायला आले. डिक्की उघडून पाहतात तर सगळी जागा सिलिंडरनं घेतलेली.

"मग आमच्या सासूबाईंच्या बॅगा कुठे ठेवायच्या? महिनाभर राहायला येतायत."

"सर, आता डिक्कीत काईच ठेवता येत नाई," सुरेशभाऊ म्हणाले.

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला आणि डिक्की हळूच लावली. "छान बसवलंय," म्हणाले.

*

माझ्या लग्नाचाच एक किस्सा आहे. तो गॅरेजात सगळे सांगतात, मी सोडून.

माझं माहेर नाचणगाव, पुलगावला लागून. वरात सावंगीहून निघाली. नवरदेवाच्या गाडीत पेट्रोल होतं, पण मामाजींचा हट्ट, की गॅसच्या गॅरेजवाल्याची वरात गॅसवरच जाणार. म्हणून गाडी पंपावर रांगेत लागली. गॅस भरताना गाडीत कुणी बसायचं नाही, हा तिथला नियम. पंपावरचा माणूस म्हणाला, "सगळे उतरा."

आत्येसासूबाई आडव्या आल्या. "नवरदेव उतरत नसते. त्याचा पाय आता मांडवातच टेकला पाह्यजे."

इकडे नियम, तिकडे रीत. मामाजी दोन्ही बाजूंचे. मग नवरदेवाच्या चौघा मामांनी मिळून त्याला गाडीतून उचललं आणि अधांतरी धरून उभे राहिले. त्या दिवशी गॅसचं प्रेशर कमी होतं. भरायला वेळ लागला. मामांनी मध्ये खांदे बदलले.

कुणीतरी व्हिडिओ काढला. तो वरातीच्या आधी मांडवात पोचला. मी मुंडावळ्या बांधून बसलेली, आणि मैत्रिणी माझ्यापुढे फोन धरून. शेला, फेटा, हातात नारळ, आणि पाय हवेत.

माझी आजेमावशी बराच वेळ पाहत राहिली. मग आईला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "पोरगं चालत नाई का व? आधी सांगितलं नाई त्यायनं."

*

आता हसू न येणारा एक. श्रावणात एक माणूस जुनी व्हॅन घेऊन आला. आत स्वयंपाकाचा लाल सिलिंडर आडवा टाकलेला, त्याला साधी रबरी नळी, आणि त्या गॅसवर गाडी चालवत तो आला होता. असं करणारे पुष्कळ आहेत. स्वस्त पडतं. मामाजी फाटकातच आडवे आले.

"याच्यावर पोळ्या भाज लेका, लेकरं काऊन भाजून राह्यला?"

त्यांनी त्याला रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर असं काही झापलं, की तो मान वर न करता गाडी ढकलत गेला. सगळे हसले. मी बिलावर बिल लिहीत राहिले.

कारण माझ्या बाबांची व्हॅन अशीच आहे. नाचणगावात आमचं किराणा दुकान. त्या व्हॅनमध्ये मधल्या सीटमागे लाल सिलिंडर, वर आईची गोधडी. पाहुणे जास्त झाले की पोरं त्या गोधडीवर बसतात. मीही बसत आले.

आणि पहिल्या दिवाळीला बाबा मला न्यायला येणार होते. मी आईला फोन केला, "तुम्ही नका येऊ, आम्हीच येतो." आईनं फोन बाबांकडे दिला.

"पयल्या दिवाळीले लेकीले न्यायले बाप नाई गेला, तं व्याही काय म्हनतीन?"

मला दोन भीती होत्या. एक, गाडीला रस्त्यात काही होईल. दुसरी, मामाजी ती गाडी पाहतील. दुसरी भीती मोठी होती. लाज वाटायला हवी ती खरं तर याचीच.

*

बाबा आले. व्हॅन त्यांनी गॅरेजसमोर आणली नाही, पलीकडच्या गल्लीत पिठाच्या गिरणीमागे लावली. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. फराळाला हात लावला नाही, पाणीही नाही. लेकीच्या घरचं आमच्याकडे घेत नाहीत. "चला, निघतो," एवढंच.

"पोचवाले येतो ना गाडीपर्यंत," मामाजी म्हणाले, आणि बाबा "राहू द्या, राहू द्या" म्हणत असताना निघालेसुद्धा. मागे सुरेशभाऊ माझी बॅग घेऊन. त्यांच्यामागे आमचे हे, आणि बोलता बोलता उठलेली दोन गिऱ्हाइकं.

व्हॅनपासून चार हातांवर गॅसच्या वासानं मामाजींचं नाक वर झालं. त्यांनी दार सरकवलं. गोधडीचं एक टोक उचललं, पाहिलं, आणि परत नीट अंथरलं. मी जमिनीकडे पाहत होते. आता पोळ्यांचं वाक्य येणार.

आलं नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "व्याही, गाडी राहू द्या इथं. आपलंच गॅरेज हाये. चांगलं किट लावून देतो."

"लेकीच्या घरचं आमी पाणी पेत नाई," बाबा म्हणाले. "किट कुठून घेऊ?"

बाबा जाऊन स्टिअरिंगवर बसले. मी आणि हे मधल्या सीटवर. दार लावायला मी हात पुढे केला, तर मामाजीच आत चढले. सीट ओलांडून मागे गेले आणि धोतर सावरून गोधडीवर बसले.

"चालवा."

बाबांनी वळून पाहिलं. "तुमी कुठं?"

"नाचणगावले. सून जाते तं मी बी येतो."

"तिथं नका बसू, व्याही. समोर या."

"काऊन? चांगली मऊ गोधडी हाये."

"तिथं नका बसू म्हनतो ना मी."

"तुमी पोरीले नेता ना याच्यापाशी बसवून," मामाजी म्हणाले, "मी तं म्हातारा माणूस हावो."

बाबांचा हात किल्लीवर होता. मागून मला त्यांची मान दिसत होती, कानापर्यंत लाल झालेली. मग त्यांनी किल्ली फिरवली नाही, काढून घेतली. खाली उतरले, शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या, आणि माझ्याकडे न पाहता सुरेशभाऊंच्या हातात किल्ली ठेवून विचारलं,

"वर्ध्यावरून पुलगावची बस किती वाजता लागते जी?"