क्वालिटीकाका

क्वालिटीकाकांनी उभ्या आयुष्यात कुठल्याही गोष्टीला सरळ "चांगलं आहे" म्हटलं नाही. फार झालं तर डोळे बारीक करून म्हणायचे, "स्ट्रेंथ आहे, क्वालिटी नाही." हे वाक्य त्यांनी सोसायटीच्या चेअरमनबद्दल, कोपऱ्यावरच्या मिसळीबद्दल आणि मला बघायला आलेल्या पुण्याच्या मुलाबद्दल सारख्याच गंभीरपणे उच्चारलं होतं. मुलाबद्दल तर तो जिना उतरत असतानाच. त्याचं आणि माझं जमलं नाही याची कारणं वेगळी होती, पण श्रेय काकांनी घेतलं ते घेतलंच.

ज्यांनी टीव्हीच्या डिशचं मेनूपान कधी उघडलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तिथे दोन पट्ट्या दिसतात. स्ट्रेंथ म्हणजे डिशवर एकूण किती सिग्नल पडतोय, आणि क्वालिटी म्हणजे त्यातला किती कामाचा आहे. डिश भलत्याच उपग्रहाकडे वळली असेल तर स्ट्रेंथ भरभरून दिसते, क्वालिटी शून्य, आणि पडदा काळा. एवढी साधी गोष्ट काकांनी मला आमच्या दारात उभं करून पाऊण तास समजावली होती. माझ्या हातात दुधाची पिशवी होती आणि ती गळत होती, पण त्यांचं लक्ष फक्त माझ्या आकलनावर होतं.

काका मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. चांदवडपासून सिन्नरपर्यंत लोकांच्या बांधांवरून त्यांनी साखळ्या ओढल्या होत्या आणि भावाभावांची भांडणं कागदावर रेघ मारून मिटवली होती, किंवा लावून दिली होती. निवृत्तीनंतर मोजायला जमीन उरली नाही, तेव्हा त्यांनी आभाळ हातात घेतलं. डिशबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका त्यांनी पोथीसारखी कव्हर घालून ठेवली होती. डिशला कोणी छत्री म्हटलेलं त्यांना खपत नसे. पुढच्या दांड्यावरच्या बोंडाला एलएनबीच म्हणायचं. डिश आडवी किती वळली ते अझिमथ, आभाळाकडे किती उचलली ते एलेव्हेशन. आमच्या भांडीवाल्या बाईंनाही हे सगळं पाठ झालं होतं. त्यांच्या स्वतःच्या घरी टीव्ही नव्हता.

डिश बसवायला कंपनीचा फिटर सिन्नरकडून आला होता, तेव्हाची गोष्ट. काकांनी त्याला विचारलं, "अझिमथ किती ठेवलास?"

तो म्हणाला, "त्ये काय नाय बघत आम्ही. पांडवलेण्याच्या जरा डावीकडं तोंड करायचं. लय क्लियर येतं."

काकांनी त्याला पायरीवर बसवून ठेवलं. मोजणीच्या काळातलं होकायंत्र आणलं, भिंतीवर खडूच्या रेघा मारल्या, कागदावर हिशेब केला. तासाभराने डिशची दिशा निश्चित झाली. ती पांडवलेण्याच्या जरा डावीकडे निघाली. पुढे कधी तक्रार नोंदवली की मात्र दुसराच कोणी यायचा.

खरं म्हणजे काकांना टीव्ही बघायचा नसेच. त्यांना तो लावायचा असे. दर रविवारी सकाळी चहा झाला की पाना घेऊन ते गच्चीवर. खाली मालतीकाकू टीव्हीसमोर, खिडकी उघडी. वरून आवाज यायचा, "आलं का?" काकू म्हणायच्या, "आलं." वरून विचारणा, "किती?" काकू पट्टी वाचून सांगायच्या, "ब्याऐंशी." ब्याऐंशीला चित्र आरशासारखं दिसतं. पण काकांना नव्वद हवे असत, म्हणून नट पुन्हा सैल व्हायचा आणि ब्याऐंशीही जायचे. काकूंची रविवारची मालिका किती वर्षं चालली होती कोण जाणे, त्यांना तिचा शेवट शेजारून कळला. शेजारी म्हणजे आम्ही. आमची डिश काकांच्या डिशपासून चार हातांवर होती आणि तिला कोणी हात लावत नसल्यामुळे ती व्यवस्थित चालायची.

मालतीकाकूंचं माहेर नामपूरचं. खापराचे मांडे करावेत तर त्यांनीच. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत रुमालासारखी पातळ करायची आणि पालथ्या खापरावर अलगद टाकायची, हे काम पाहताना बोलणाऱ्याचं बोलणं थांबतं. एका मराठी वाहिनीवर जिल्ह्याजिल्ह्यातल्या बायकांचा स्वयंपाकाचा कार्यक्रम असायचा. काकूंच्या भाचीने परस्पर त्यांचं नाव पाठवलं आणि ती माणसं एक दिवस नाशिकला येऊन चित्रण करून गेली. चित्रण भाचीच्या बंगल्यावर झालं, कारण आमच्या गच्चीवर चूल पेटवली तर धुराने एलएनबी खराब होईल असं काकांचं मत पडलं. ते चित्रणाला गेलेही नाहीत. म्हणाले, "टीव्हीवर बघूच की. तिथे खरी क्वालिटी कळते."

कार्यक्रम होळीच्या आठवड्यात दुपारी बाराला लागणार होता. काकूंनी नवी साडी नेसली, पंधरावीस बायका त्यांच्या हॉलमध्ये जमल्या, आईने आमच्या सेट-टॉप बॉक्सवर रेकॉर्डिंग लावून ठेवलं. सव्वाअकराला काकांनी पाना उचलला. काकू म्हणाल्या, "अहो, आज राहू द्या." काका म्हणाले, "अगं, आज तर पाहिजेच. तू दिसणार आणि चित्र फुटलं तर?" हे ते अगदी मनापासून म्हणाले होते. माझा राग तेव्हाही याच गोष्टीवर होता आणि आजही आहे.

पावणेबाराला पडदा काळा झाला. वरून "आलं का?" सुरू झालं. काकू दहा मिनिटं खिडकीतून "नाही" म्हणत राहिल्या. मग त्यांच्या धाकट्या भावाचा नामपूरहून फोन आला. सगळं गाव टीव्हीसमोर बसलं होतं, दाजी कुठे आहेत असं तो विचारत होता. काकू माहेरच्या बोलीत म्हणाल्या, "तुना दाजी गच्चीवर शेतस." फोन ठेवला, पदर सारखा केला आणि आमच्याकडे आल्या. त्यांच्यामागून सगळ्या बायका.

काकू पडद्यावर छान दिसत होत्या. हातांवर मांडा फिरत होता. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने विचारलं, "काकू, घरात मांडे सगळ्यात जास्त कोणाला आवडतात?" पडद्यावरच्या काकू म्हणाल्या, "ह्यांना. पण ते आता बघत नसतील. गच्चीवर डिश फिरवत असतील." आणि त्याच क्षणी जिन्यातून हाक आली, "आलं का?"

बायका हसून लोळायच्या बाकी होत्या. काकूही हसल्या, पण मध्येच थांबल्या. जिन्यातून आणखी तीनचारदा हाक आली. कोणीही उत्तर दिलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही सगळ्या पुन्हा काकूंच्या हॉलमध्ये जाऊन काळ्या पडद्यासमोर बसलो. काका खाली आले. चेहरा लाल, पाना पाठीमागे धरलेला. म्हणाले, "सन आउटेज. मार्च महिन्यात दुपारी सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. कोणाकडेच काही दिसलं नसेल." असा प्रकार खरोखर असतो, पण तो काही मिनिटांत संपतो आणि त्याला पाना लागत नाही. मी तोंड उघडणार होते. त्याआधी काकू म्हणाल्या, "हो, शेजारीही काहीच दिसलं नाही." मग काकांनी आम्हा सगळ्यांना कागदावर सूर्य, उपग्रह आणि पृथ्वी काढून दाखवली. ज्यांनी नुकतंच सगळं पाहिलं होतं, त्या पंधरावीस बायका माना डोलवत ऐकत होत्या. काकूंनी हे दयेपोटी केलं की शिक्षा म्हणून, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

ते खोटं आम्ही सगळ्यांनी कितीतरी वर्षं सांभाळलं. मग वायफाय आलं, लोक मोबाइलवर बघू लागले आणि गच्चीवरच्या डिश एकेक करून उतरल्या. आम्हीही कनेक्शन बंद करायचं ठरवलं. दुसऱ्या कोणी हात लावायच्या आत काका पाना घेऊन हजर झाले. काढण्याआधी शेवटचं रीडिंग घ्यायचं म्हणून त्यांनी आमचा बॉक्स सुरू केला आणि भलतंच बटण दाबल्यामुळे रेकॉर्डिंगची यादी उघडली. 'होळी विशेष, खापराचे मांडे.' खाली तारीख आणि दुपारी बाराची वेळ. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. पुढे होऊन रिमोट काढून घ्यावासा वाटला.

त्यांनी ते लावलं. पूर्ण पाहिलं. "गच्चीवर डिश फिरवत असतील" हे वाक्यही ऐकलं. तेवढ्यात काकू त्यांना जेवायला बोलवायला आल्या आणि दारातच थबकल्या.

काका त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "आउटेज नव्हता तर."

"नव्हता."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही इतकं समजावून सांगत होतात," काकू म्हणाल्या.

"मी वरून ओरडत होतो, ते ऐकू येत होतं?"

"येत होतं की."

"मग आलं म्हणायचं नाही का?"

"आलं म्हटल्यावर तुम्ही कधी थांबलात?"

काकांनी रिमोट जागेवर ठेवला. उठताना पाना पिशवीत टाकला आणि आईला म्हणाले, "वहिनी, हे कनेक्शन एवढ्यात बंद करू नका." रेकॉर्डिंग त्याच बॉक्सवर चालतं आणि कनेक्शन बंद झालं की उघडत नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. मी म्हटलं, मोबाइलवर काढून देते. तर म्हणाले, "पोरी, पडद्याचा व्हिडिओ म्हणजे क्वालिटीचा खून." खोड जाईल ती माणसाची कसली.

पुढची तीन वर्षं आठवड्यातून एकदोनदा दुपारी ते आमच्याकडे यायचे. एकटेच. चप्पल दाराबाहेर नीट जोडून ठेवायचे, कार्यक्रम बघायचे, आईने दिलेला चहा प्यायचे आणि जायचे. सूचना नाही, रीडिंग नाही. ज्या माणसाची मी इतकी वर्षं टिंगल केली, त्याच्याकडे मला त्या दिवसांत बघवत नसे. घरी मात्र ते काकूंना मांडे करायला एकदाही सांगू शकले नाहीत. काकूंचे खांदे गेले होते आणि खापर त्यांनी कधीच नामपूरला भावजयीला देऊन टाकलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर काका गेले. तेराव्याला आईने काकूंना हळूच विचारलं, "या एकदा आमच्याकडे, कार्यक्रम लावते. बरं वाटेल."

काकू म्हणाल्या, "नको. आता तुम्ही ते बंद केलंत तरी चालेल. मला काय बघायचंय? मी तिथे होतेच की."