बेबी पावडरवाले मामाजी

कामठी रोडवर उभा असलेला एकही ट्रक माझ्या बायकोच्या मामांपासून आपलं दुखणं लपवू शकलेला नाही, आणि हे मी त्यांचा जावई असून सांगतो आहे. टाकीतलं डिझेल कुठून गळतं हे शोधून काढणं, एवढं एकच काम मामाजींनी चाळीस वर्षं केलं. इंजिन उघडणं, गिअर दुरुस्त करणं ही त्यांच्या मते हलक्या लोकांची कामं. गळती हा शब्दसुद्धा ते वापरत नसत. "गाडी रडून राहिली," असं म्हणत आणि आजारी लेकराच्या खोलीत शिरावं तसे हळूच ट्रकखाली सरकत.

त्यांची हत्यारं तीन : जुन्या धोतराचं फडकं, नाक आणि बेबी पावडर. फडक्यानं नळ्या कोरड्या पुसायच्या, वरून पावडर भुरभुरायची आणि चहा प्यायला बसायचं. जिथं पावडर ओली होऊन पिवळी पडेल तिथं दुखणं. पावडरचे मोठे डबे ते धंतोलीतल्या एका मेडिकलमधून आणत. तिथला दुकानदार दर वेळी नातवाची चौकशी करायचा. मामाजी गंभीरपणे सांगायचे, "बरा हाय. दहा चाकं हायेत त्याले." नाक शाबूत राहावं म्हणून दुपारपर्यंत ते कच्चा कांदा खात नसत. माझ्या साडूच्या लग्नात भरल्या पंगतीतून ते उठून गेले होते. सगळ्यांना वाटलं, मानपान चुकला. पाहतो तर मामाजी नव्या धोतरानिशी नवरीच्या सजवलेल्या गाडीखाली, आणि बाहेर फक्त त्यांचे पाय. वरात अर्धा तास खोळंबली, पण नवरी सुखरूप सासरी पोचली.

त्यांचा एक नियम मात्र जाचक होता. गाडीच्या मालकानं किंवा त्याच्या माणसानं सोबत खाली आलंच पाहिजे. मी एका मालकाच्या सहा ट्रकांची व्यवस्था पाहतो, इस्त्रीचा शर्ट घालून येतो. मी कुरकुर केली की म्हणत, "जावईबापू, वरून सारे ट्रक चांगलेच दिसतेत."

हे मी ऐकायला हवं होतं. आमच्या एका ट्रकाचं डिझेल लागोपाठ तीन फेऱ्यांत हिशेबाला कमी भरलं. ट्रक देवरावच्या हातात होता. कन्हानचा माणूस, अकरा वर्षं आमच्याकडे. मामाजींनी यार्डात उभ्या गाडीला पावडर लावली. ती संध्याकाळपर्यंत कोरडीच राहिली. ते म्हणाले, थांबा, भरलेली गाडी मी अजून पाहिली नाही. मी थांबलो नाही. पावडर कोरडी म्हणजे डिझेल विकलं गेलं, असा हिशेब मी केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे ड्रायव्हर चहा पीत असताना, देवरावला चोर म्हणालो. त्यानं कप अर्धाच ठेवला, किल्ली ट्रकच्या बॉनेटवर ठेवली आणि गेला.

नव्या ड्रायव्हरच्या हातीही डिझेल कमीच भरलं. मग मामाजी मला न विचारता कोळशानं भरलेल्या त्या ट्रकात जाऊन बसले. कन्हानच्या पुलापलीकडे त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली, इंजिन चालूच ठेवलं आणि मला फोन करून बोलावलं. मी स्कूटरवर गेलो, मुकाट्यानं खाली शिरलो. इंजिनातून उरलेलं डिझेल टाकीत परत आणणारी नळी लोखंडाला घासून चिरली होती. वजन पडलं की सांगाडा वाकायचा, नळी ताणली जायची आणि चीर उघडायची. गाडी रिकामी झाली की चीर बंद. थेंब माझ्या बाहीवर पडत होते. मामाजी एवढंच म्हणाले, "पाहा."

मी तसाच देवरावच्या घरी गेलो, दारात उभा राहून माफी मागितली. त्यानं बसवलं, बायकोला चहा टाकायला सांगितला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहेब, चोर म्हनायले तुम्ही माह्या घरी नव्हते आले."

त्याचं बरोबर होतं. जिथं म्हटलं तिथंच परत घ्यायला हवं होतं. मला ते दोन वर्षं जमलं नाही. तो दुसऱ्या मालकाकडे लागला. आमच्या यार्डातली पोरं त्याचं नाव निघालं की अजून डोळे मिचकावत, आणि मी रजिस्टरात डोकं घालत असे.

आता मामाजींचे गुडघे गेलेत, आणि मागच्या हिवाळ्यातल्या तापानंतर नाकही. ते आमच्या यार्डात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हुकूम सोडतात आणि खाली मी जातो. गेल्या महिन्यात देवराव आपल्या नव्या मालकाचा ट्रक घेऊन आला. गळतीसाठी दुसरीकडे जाणार कुठं? मामाजींनी नियम मोडून देवरावला बाहेरच ठेवलं आणि माझ्याकडे नुसता डबा पुढे केला.

मी आडवा होऊन नळ्या पुसल्या, पावडर मारली. तिथून फक्त पाय दिसतात. चहा पिणाऱ्या आमच्या सहा-सात ड्रायव्हरांचे, आणि त्यांत देवरावच्या झिजलेल्या चपला. त्या चपलांकडे पाहत मी मोठ्यानं म्हणालो की देवरावनं डिझेल कधी विकलं नव्हतं, नळी फुटली होती, मी त्याला खोटं चोर म्हटलं.

खुर्चीवरून आवाज आला, "ऐकू नाही आलं, जावईबापू. बाहेर येऊन सांगा."

मी बाहेर आलो आणि तोंडाला पावडर फासलेल्या अवस्थेत सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं. कोणी हसलं नाही. देवराव थोडा वेळ चपलेनं माती उकरत राहिला. मग त्यानं केबिनचं दुसरं दार उघडलं. "उभ्या गाडीत काय सापडन, साहेब? बसा. कन्हानले माल भरून पाहू."

मी चढताना मागं वळून पाहिलं. मामाजींनी माझ्या हातातून पडलेलं फडकं उचललं होतं. ते त्यांनी नाकाशी धरलं, बराच वेळ धरलं.

"डिझेलच येऊन राहिलं ना गा?" त्यांनी मला विचारलं.

जावईबापू सोडून त्यांनी मला घरच्या पोरासारखं 'गा' म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मी म्हणालो, "हो मामाजी, डिझेलच आहे."

त्यांनी मान हलवली, फडक्याची नीट घडी केली आणि छातीच्या खिशात ठेवली.